डोलकाठीला केळीचा टेकू

जीवराम आबांनी आजवर ट्रॅक्टरमागं काय काय ओढलं नव्हतं! केळीचे घड ओढले, कपाशी ओढली, वरातीतली वाजंत्री मंडळी ताशांसकट ओढली. एकदा अडलेली म्हैस दवाखान्यात न्यायला निघाले, तर ती वाटेतच व्याली, आणि नेताना एक जनावर नेलं ते येताना दोन आणली. पण होडी मात्र कधी ओढली नव्हती. म्हणून रुपचंद ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, धुळ्याहून माझी होडी आणायची आहे," तेव्हा आबांना वाटलं, हा चेष्टाच करतोय.

रुपचंद गावचाच. वीस वर्षं आरमारात काढून नुकताच घरी आला होता. तो गेला तेव्हा गावाच्या खालच्या अंगाला ज्वारीची शेतं होती. आला तेव्हा हतनूर धरणाचा फुगवटा थेट मारुतीच्या देवळापर्यंत चढलेला. गावातली माणसं म्हणायची, रुपचंद आला तसा समुद्रही त्याच्या मागोमाग आला. मुंबईच्या एका म्हाताऱ्या साहेबाला आता होडी झेपत नव्हती. त्यानं ती शिडासकट, डोलकाठीसकट आणि खालच्या दोन चाकांच्या गाड्यासकट रुपचंदला देऊन टाकली. इंदूरला जाणाऱ्या एका ट्रकनं ती धुळ्यापर्यंत आणून टाकली होती. पुढं घरापर्यंत ओढायला आकडा असलेला ट्रॅक्टर पाहिजे होता, आणि दीडशे किलोमीटर ट्रॅक्टर हाकायची हौस असलेला माणूस पाहिजे होता.

हौस तर आबांना होतीच. अडचण वेगळी होती. श्रावणात आबांनी सोसायटीच्या फाटकाचा खांब आडवा केला होता. चूक काहीच नव्हती म्हणा. समोरून व्याही आले, त्यांना रामराम करायला हात वर केला, आणि तेवढ्यात खांब आडवा आला. पण त्याआधी आषाढात धोंडू न्हाव्याचा पाण्याचा हौदही गेला होता. थोरला मुलगा अभिमन तेव्हापासून धुसफुसत होता. होडीचं ऐकल्यावर तो पारावर चार माणसांत म्हणाला, "आबा, तुमचं वय झालं. परक्याची वस्तू आहे. मी जातो."

"माझं वय झालं आन् तुझं काय व्हायचंच आहे का?" आबा उसळले. "ऐका रे सारे. या खेपेला रुपचंदच्या मालाला तिळाएवढी खोट आली, तर ट्रॅक्टर याच्या हवाली. पुन्हा मी चाकाला हात लावनार नाही."

बोलून गेले आणि मग पस्तावले. पण चार माणसांत टाकलेला शब्द, तो थोडाच परत उचलता येतो!

सत्याऐंशी सालचा मार्गशीर्ष होता. धुळ्यात पहाटेच्या थंडीत आबांनी होडी पहिल्यांदा पाहिली. पांढरी, पंधरा फुटी, पोटाला गुळगुळीत. तिच्यावर आडवी टाकलेली डोलकाठी मात्र बावीस फूट. अल्युमिनची, आतून पोकळ. बुंधा होडीच्या नाकावर आणि शेंडा मागं सहा-सात फूट बाहेर लोंबलेला.

"हिला टेकवायला मागं एक लाकडी घोडी होती," रुपचंद कपाळाला हात लावून म्हणाला. "ट्रकच्या क्लिनरनं इगतपुरीच्या थंडीत शेकोटीत घातली."

"मग आता?"

"आता दोन्ही टोकांना आवळून बांधतो. आरमारातली गाठ आहे आबा, सुटायची नाही."

रुपचंदनं नाकावर एक आणि मागच्या फळीवर एक अशा दोन गाठी मारल्या. गाठी खरंच देखण्या होत्या. शेंड्याला त्यानं लाल फडकं बांधलं. आबा डोलकाठीच्या मधोमध उभे राहिले आणि तळहातानं तिला खाली दाबलं. ती चार बोटं वाकली आणि हात काढल्यावर थरथरत राहिली.

"रुपचंद, ही मधी नाचंल."

"नाचू द्या. समुद्रात याहून जास्त नाचते."

"तिथी ती उभी राहून नाचते. इथी आडवी हाय."

"आबा, तुम्ही ट्रॅक्टर पाहा. काठी मी पाहतो."

ज्याची वस्तू त्याचा शब्द, म्हणून आबा ट्रॅक्टरवर चढले. पण पारोळ्यापर्यंत त्यांचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं पाठीमागं. रस्त्यात खड्डा आला की आधी ट्रॅक्टर उडायचा, मग होडीचा गाडा उडायचा, आणि ते दोघं शांत झाल्यावर डोलकाठी आपली एकटीच पाच-सहा वेळा उड्या मारत राहायची, पंगतीतून सगळे उठले तरी एकटा जेवत बसलेल्या पाहुण्यासारखी. शिवाय काठीला लावलेल्या तारा तिच्यावर आपटून खणखण वाजत. वाटेत भेटणाऱ्या बैलगाड्यांचे बैल त्या आवाजानं बुजत आणि गाडीवान आबांच्या सात पिढ्या काढत.

पारोळ्याला चहाच्या टपरीवर धुरपदाबाई नावाची म्हातारी होती. कप विसळता विसळता ती उठून बाहेरच आली.

"हाई काय शे हो भाऊ? तोफ शे का?"

"होडी आहे अक्का," रुपचंद म्हणाला.

"होडी! आन् आठे आमनी बोरी नदीमा पाय भिजेल इतलं पानी नई शे. बठ्ठा पाऊस तुमनाच गावले पडना का काय?" मग तिनं डोलकाठीकडं पाहिलं. "आन् ही काठी एवढी का हालस? हिले थंडी वाजस का?"

आबांनी रुपचंदकडं पाहिलं. रुपचंदनं चहात पाहिलं. मग तो मुकाट्यानं उठला, होडीतली शिडाची पिशवी काढली आणि डोलकाठीच्या पोटाखाली दाबून बसवली. शीड म्हणजे जाडजूड पांढरं कापड, घडी घालून कापडी पिशवीत भरलेलं. उशीसारखं झालं. एरंडोलपर्यंत काठी बऱ्यापैकी निजून आली. जळगाव आलं तोवर उशीची चपाती झाली होती. आणि नशिराबाद मागं पडल्यावर रस्त्याच्या कडेनं एक खोल चर होता, तो आबांना उशिरा दिसला. ट्रॅक्टर गेला, गाडा गेला, आणि मागं असा काही आवाज झाला की आबांनी करकचून ब्रेक दाबला.

डोलकाठी मागच्या फळीवरून घसरून होडीच्या एका बाजूला लोंबत होती. शेंडा जमिनीपासून वीतभर वर. लाल फडकं धुळीत घासून काळं झालेलं. रुपचंदची मागची गाठ सुटली नव्हती, तिनं शब्द पाळला होता. पण काठीच्या कंपानं दोर घासून घासून निम्मा झाला होता आणि ढिला पडला होता.

दोघांनी काठी उचलून वर घेतली. आबांनी एक डोळा मिटून बुंध्याकडून शेंड्याकडं नजर लावली, औताची दांडी पाहतात तशी. सरळ होती. त्यांनी मोठा श्वास सोडला.

"आता मी एक पाऊल पुढं नेत नाही," ते म्हणाले. "माझा शब्द आहे गावात."

"मग काय करायचं आबा?" रुपचंदचा आवाज आता आरमारातला राहिला नव्हता.

 आबा रस्त्याच्या पलीकडं पाहत होते. पलीकडं केळीची बाग होती. घड भरून वाकलेली झाडं, आणि प्रत्येक वाकलेल्या झाडाला दोन बांबूंचा टेकू. दोन बांबू वर एकमेकांत कातरीसारखे अडकवलेले, बांधलेले, आणि त्या कातरीत झाडाची मान अलगद विसावलेली.

"वीस वर्षं समुद्र पाहिलास," आबा म्हणाले, "पण बापाच्या बागात काय पाहिलंस? वाऱ्यानं केळ कुठी मोडते?"

"घडापाशी?"

"नाही. घडाच्या खाली हातभर, जिथी झोक पडतो तिथी. तू दोन्ही टोकं बांधली, आन् झोक मधीच मोकळा सोडला. आन् मागचा शेंडा तर निव्वळ हवेत. दोन टेकू लागतील. एक पोटाला, एक शेंड्याच्या अलीकडं. आन् बांधायचं असं की काठी बसल्या जागी श्वास घेईल, पण उडी मारनार नाही."

बागेत लताबाई पाटील बायांकडून पिलं काढून घेत होत्या. पिलं म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारे कोंब. दोन माणसं बांधावरून आलेली पाहून त्यांनी विळा कमरेवर टेकला. आबांनी नाव, गाव, व्यवसाय आणि संकट एका दमात सांगून टाकलं.

"होडीला टेकू?" लताबाई म्हणाल्या. "नाना, सकाळपासून काही खाल्लं आहे ना तुम्ही?"

"रस्त्यावर उभी आहे बाई, पाहून घ्या."

त्यांनी मान उंचावून पाहिलं. मग हसू दाबत म्हणाल्या, "उभ्या घडाचा टेकू काढू देणार नाही. तिकडं कापलेल्या झाडांचे पडले आहेत, ते घ्या. आणि काठी घासू नये म्हणून वाळकी पानं घेऊन जा गठ्ठाभर."

"वाळक्या पानांचा भुसावळपर्यंत भुगा होईल," आबा म्हणाले. "त्यापेक्षा हे ओलं सोपट द्या." केळीच्या कापलेल्या खांबाचे पदर त्यांनी सोलायलाही घेतले होते. जाड, गार, पाणीदार. घडाखाली अंथरायला यापेक्षा मऊ गादी जगात नाही.

"चीक लागेल नाना."

"अल्युमिनला चिकाचं काय? फडकं मारलं की गेला."

लताबाईंनी खांदे उडवले आणि कामाला वळल्या.

पुढचं काम मात्र दोघांनी मिळून असं केलं की लताबाईंच्या बायाही बांधावर येऊन पाहत राहिल्या. आबांनी बांबू मापानं तोडले. त्यांची बुडं होडीच्या तळाच्या दोन कोपऱ्यांत घट्ट बसवली, वर कातर केली. पोटाखाली एक, मागच्या फळीशी एक. कातरीत सोपटाचे चार-चार पदर घातले आणि काठी त्यावर निजवली. गाठी रुपचंदनं मारल्या, कारण त्यात त्याच्या हाताला तोड नव्हती; पण किती आवळायचं ते आबांनी सांगितलं. कातरीतून उतरलेला दोर होडीला न बांधता थेट खालच्या लोखंडी गाड्याला बांधला. तारा काठीवर चिंध्यांनी जागोजागी बांधून टाकल्या. शिडाची चपटी पिशवी आता नकोशी झाली, ती रुपचंदनं होडीच्या तळाशी टाकून दिली.

आबांनी पुन्हा तळहातानं काठी दाबली. ती वाकली नाही, नुसती कातरीत जरा बसली, खाटेवर कूस बदलल्यासारखी.

"आता कसं?"

"आबा, आरमारात तुम्ही असता ना..."

"असतो तर तुमची जहाजं बैलांनी ओढली असती. चल, बस."

भुसावळपर्यंत सगळं झकास झालं. तारांची खणखण बंद, काठी मुकी. रुपचंद मडगार्डवर बसून समुद्रातल्या गोष्टी सांगू लागला आणि आबा ट्रॅक्टरच्या आवाजात त्यातल्या निम्म्याच ऐकून सगळ्यांना हो म्हणू लागले. त्यांना आता अभिमनचं तोंड दिसायला लागलं होतं. आपण कसं उतरायचं, कुठं हात ठेवायचा, पारावरच्या चौघांकडं कसं पाहायचं, सगळं मनात ठरलं.

भुसावळच्या पुढं एका रेल्वे फाटकाशी थांबावं लागलं. रुपचंद भजी आणायला गेला. आबा पाय मोकळे करायला उतरले आणि सहज होडीत डोकावले.

कातरीतल्या सोपटातून थेंब पडत होते. पाण्यासारखे, स्वच्छ, निरागस. आणि ते बरोब्बर शिडाच्या पिशवीवर पडत होते. आबांनी पिशवीचं तोंड उघडलं. वरच्या घडीवर ओळीनं ठिपके उमटले होते आणि वारा लागेल तसे ते तपकिरी होत चालले होते.

जन्मभर केळीत राहिलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. केळीचा चीक अंगाला लागला तर धुतल्यानं जातो, भांड्याला लागला तर घासल्यानं जातो. पण कापडाला लागला तर कापड फाटतं, डाग फाटत नाही. म्हणून तर बागेत घालायचा सदरा वेगळा आणि बाजारात घालायचा वेगळा. आबांच्या स्वतःच्या बागेतल्या सदऱ्यावर एक बोटभर जागा पांढरी नव्हती. आणि एवढं असून त्यांना फक्त काठी दिसली, तिच्याखाली कापड आहे हे सुचलंच नाही. बागेत घडाखाली कापड असतं कुठं? तिथं माती असते.

त्यांनी पिशवी बाजूला सारली, खाली पोतं अंथरलं. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मालगाडी खडखडत निघून गेली. रुपचंद भजी घेऊन आला. आबांनी एक भजं उचललं आणि तसंच कागदावर परत ठेवलं.

सांगायचं तर आत्ताच सांगता आलं असतं. न सांगायचं तर कधीच नाही. रुपचंद उद्या शीड उघडेल तेव्हा डाग मुंबईचे आहेत म्हणायलाही जागा होती. फाटक उघडेपर्यंत दोन्ही विचार आबांच्या डोक्यात एकमेकांना धक्के देत राहिले. मग ट्रॅक्टर चालू झाला आणि आवाजात बोलता येईना, याचं त्यांना बरंच वाटलं.

चार वाजता गाव आलं. काठावर निम्मं गाव जमलेलं. पारावरचे चौघे पुढंच होते, आणि त्यांच्याही पुढं अभिमन. त्यानं आधी ट्रॅक्टरभोवती चक्कर मारली, मग होडीभोवती, मग डोलकाठीकडं एक डोळा मिटून पाहिलं. अगदी बापासारखं.

"सरळ आहे," तो म्हणाला. आवाजात थोडं आश्चर्य होतं आणि बरंचसं कौतुकही. "आबा, जिंकलात."

आबा खाली उतरले. दिवसभर मनात ठरवलेलं सगळं विसरले. होडीत हात घालून त्यांनी पिशवी काढली, शिडाची वरची घडी उलगडून सगळ्यांसमोर धरली. तंबाखूच्या पिचकाऱ्यांसारखे नऊ-दहा डाग.

"हे माझ्यानं झालं," ते म्हणाले. "ओलं सोपट मीच घातलं. एक बाई नको म्हनत होती, तरी घातलं."

 रुपचंदनं कापड हातात घेतलं, डागावर अंगठा घासला. त्याचं तोंड क्षणभर उतरलं, नाही असं नाही. मग म्हणाला, "वारा काही डाग पाहून भरत नाही आबा. काठी गेली असती तर मी काय करणार होतो?"

"तो तुझा मोठेपना. पन मी तिळाएवढी खोट म्हनलो होतो, आन् हे तर हरभऱ्याएवढं हाय." आबांनी अभिमनकडं पाहिलं. "चढ वर. ट्रॅक्टर तुझा."

अभिमन आधी मान हलवत मागं सरकला. पण सगळं गाव पाहत होतं, म्हणून तो चढला.

आता होडी पाण्यात घालायची होती. काठावर डोलकाठी उभी करून चालणार नव्हतं. शेतीपंपांना गेलेली विजेची तार नेमकी उतारावरून आडवी जात होती, आणि रुपचंदनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की काठी तारेच्या पलीकडं, पाण्यात गेल्याशिवाय उभी करायची नाही. म्हणजे होडी तशीच, टेकूवरच्या काठीसकट, मागं मागं घेत पाण्यात न्यायची. आणि उताराच्या एका अंगाला भलीमोठी बाभूळ.

अभिमननं मागं घ्यायला सुरुवात केली. होडीचा गाडा आखूड. हातातलं चाक जरा डावीकडं वळवलं की तो उजवीकडं पळे आणि सापासारखा दुमडे. एकदा दुमडला. पुढं घेतलं, सरळ केलं, पुन्हा मागं. पुन्हा दुमडला. तिसऱ्या वेळी डोलकाठीचा शेंडा झपकन फिरून बाभळीच्या खोडापासून हातभर अंतरावर थांबला. बाया ओरडल्या. रुपचंदनं डोळे मिटले.

आबा हात पाठीमागं बांधून उभे होते. दिवसभर हा गाडा त्यांच्या मागं होता. त्याची खोड त्यांना कळली होती. हा मोठ्या ट्रॉलीसारखा आळशी नव्हता, रागीट होता. त्याला थोडं सांगायचं आणि सांगितलेलं लगेच मागं घ्यायचं. ओठांवर आलं होतं. पण शब्द दिला होता, म्हणून ते पाण्याकडं पाहत राहिले.

अभिमननं इंजिन बंद केलं. कपाळावरचा घाम पुसला. एकदा बाभळीकडं पाहिलं, एकदा बापाकडं.

"आबा," तो म्हणाला, "या ना वर."

"मी शब्द दिला."

"मीच म्हणतो आहे ना. सगळ्यांच्या देखत म्हणतो."

"शब्द तुले एकट्याले नव्हता दिला. पाराले दिला होता."

पारावरचे चौघे एकमेकांकडं पाहू लागले. त्यातले वयानं मोठे पितांबर नाना पुढं आले. त्यांना दुपारपासून काही बोलायला मिळालं नव्हतं. घसा खाकरून ते म्हणाले, "जीवराम, हे पाहा. खांब पाडला तो पुढं जाताना. हौद फोडला तो पुढं जाताना. मागं जाताना तू आजवर कुनाचं काही मोडलेलं मला तरी आठवत नाही. मग पुढं अभिमन चालवील आणि मागं तू. यात शब्द कुठं मोडला?"

गावाला हा न्याय एकदम पटला. आबांनी जरा वेळ विचार केला, निदान तसा चेहरा केला, आणि मग ते चढले. अभिमन मडगार्डवर सरकला.

आबांनी मान मागं वळवली. पण त्यांनी होडीकडं पाहिलं नाही, काठीकडं नाही, बाभळीकडंही नाही. गाड्याच्या उजव्या चाकाकडं पाहिलं. हातातलं चाक वीतभर वळवलं, लगेच सोडलं. पुन्हा वळवलं, पुन्हा सोडलं. गाडा एकदा फुरफुरला आणि मग गरीब गाईसारखा मागं मागं सरकू लागला. डोलकाठीचा शेंडा बाभळीला हातभर चुकवून, तारेखालून, पाण्यावर गेला. गाड्याची चाकं बुडाली, ट्रॅक्टरची मागची चाकं ओली झाली, आणि होडी एकदम हलकी होऊन डुलली.

"चाकाकडं पाहायचं होय," अभिमन पुटपुटला.

"उद्या शिकवीन. रिकामी ट्रॉली घेऊन ये नाल्याकडं." आबांनी गिअर मोकळा केला आणि जागेवरून उठले. "आता पुढं घ्यायचं आहे. ये, तुझं काम."

त्या हंगामात केळी भरायला बाहेरून मोठे ट्रक आले की ते गावाच्या तोंडाशी थांबायचे. गल्ल्या अरुंद, वळणं आखूड. ट्रक उलटाच आत घ्यावा लागे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकले की कुणीतरी सांगायचं, आबांना बोलवा. आबा सावकाश यायचे, ट्रकभोवती एक चक्कर मारायचे आणि ड्रायव्हरला खाली उतरवायचे. आणि ट्रक आत बिनधोक लागला, की माल भरून निघताना कितीही आग्रह झाला तरी ते तो पुढं एक फूटभरही घेत नसत.